ठमाबाईचा पोरगा

सूरज तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्याच बाईची पिशवी होती.

ठमाबाई दुपारपासून दाभोळच्या स्टँडवर उभी होती. मासळीचं पातळ सोडून धुतलेलं नेसली होती, हात लिंबाच्या सालीने चोळून आली होती. दापोलीची गाडी लागली, माणसं उतरली, आणि सगळ्यांत शेवटी दारात एक चष्मेवाली बाई दिसली. तिच्यापुढे पायरी उतरत सूरज. पार वाळला होता, मानेखालची हाडं वर आली होती. आईला बघून हसला, पण आधी वळून त्या बाईला म्हणाला, "ताई, पायरी जपून." मग आईकडे आला. ठमाबाईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मध्ये पिशवी अडकली. पिशवी खाली ठेवावी, एवढं काही त्याला सुचलं नाही.

ही नम्रता. मूळची देवरूखकडची, एका संस्थेत कामाला होती. दर आठवड्याला ती रत्नागिरीच्या तुरुंगात जायची. ज्यांच्यावर खटला अजून उभा राहायचा आहे अशा कच्च्या कैद्यांना भेटायची, घरी कोण आहे, वकील आहे का, जामीनदार मिळतो का, विचारायची. बाहेर आल्यावर त्यांना काम बघून द्यायची, दारू सुटायला कुठे जायचं ते सांगायची, तारखेला वेळेवर कोर्टात उभं करायची. सूरज तिला आतच भेटला होता.

तो आत गेला तो भांडणापायी. लाँचवर खलाशी होता. मोसम सुरू झाला तेव्हा जेटीवर बर्फाच्या गाडीला आधी कोणाची लाँच लावायची यावरून दोन लाँचांची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. सूरज सकाळीच प्यायलेला. हातात वल्हं होतं, ते त्याने खाडीपलीकडच्या लाँचच्या तांडेलाच्या, म्हणजे मुख्य खलाशाच्या, खांद्यावर घातलं. तांडेलाचं हाड मोडलं. पोलीस आले तेव्हा सूरज तिथेच ओकत बसलेला होता.

जामीन तसा लवकर मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. ठमाबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन भावकीतली घरं फिरली. सगळ्यांनी तिला बसवलं, चहा दिला, पाऊस लांबला म्हणाले, बांगडा यंदा दिसत नाही म्हणाले. मुद्द्यावर कोणी आलं नाही. एका चुलत दिराने तर तिच्यादेखत बायकोला सांगितलं की ठमावहिनीकडून मांदेली घेऊन ठेव, म्हणजे तिला मोकळं जाता येईल. तिने मांदेली मोजून दिली आणि उठली.

कमालकडे मात्र ती गेली नव्हती. कमालचा खाडीकाठी होड्या दुरुस्तीचा मांडव होता. बारा वर्षं आखातात काढून आलेला माणूस, जुन्या लाकडी होड्यांना फायबर मारून द्यायचा. सूरजने एकदा पिऊन त्याला मोहल्ल्यातच शिव्या घातल्या होत्या. त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून ती गेली नाही. नम्रता गेली. उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत दुपारभर बसली, आणि उठली तेव्हा कमाल जामीन राहायला तयार होता. वर, पोरगा सुटला की माझ्याकडेच कामाला पाठवा, असंही म्हणाला.

लोकांनी ठमाबाईला सांगितलं, देवच भेटला गो तुला त्या बाईच्या रूपाने. ठमाबाईने हो म्हटलं. पण मनात आलं, मी एवढी घरं झिजवली ती कोणाच्या हिशोबात नाही, आणि ही एक दुपार बसली तर देव.

त्या पहिल्या दिवशी नम्रता घरी आली. घरात एकच खुर्ची होती, तिच्यावर गुणाजी बसायचा. गुणाजी ठमाबाईचा नवरा. लाँचवरच्या जाळं ओढायच्या रहाटात त्याचा उजवा हात सापडला होता, तेव्हापासून समुद्र सुटला. बोटं वळत नव्हती, तरी सुई अंगठ्यात धरून तो जाळी शिवत ओटीवर बसून असायचा. नम्रता आली तसा तो खुर्चीवरून उठला आणि जमिनीवर बसला. खुर्चीत बसून तिने सगळं नीट समजावलं. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. खाडीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. कोर्टाची एकही तारीख चुकवायची नाही, चुकली तर परत आत. आणि गुरुवारी दापोलीला दारू सोडलेल्यांची बैठक असते, तिथे जायचं. सूरज पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत मान हलवत होता. शाळेतही तो असा कधी बसला नव्हता.

निघताना नम्रता म्हणाली, "ठमाताई, तुम्ही फक्त त्याला वेळेवर पाठवा. बाकी आम्ही बघतो."

ते 'फक्त' ठमाबाईच्या अंगात माशाच्या काट्यासारखं मोडून बसलं.

सूरज कमालच्या मांडवात जायला लागला. जुन्या होडीचं लाकूड घासायचं, चिरा भरायच्या, मग काचेच्या धाग्याची चादर अंथरून तिच्यावर रेझिन फिरवायचं. घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, हातांना खाज. ठमाबाई खोबरेल गरम करून ठेवायची. तो म्हणायचा, "तेल नको लावायला. आधी थंड पान्यानं धुवायचा. ताई म्हनाल्या, कमालचाचांना हातमोजे आनायला सांगते." दुसऱ्या आठवड्यात मोजे आले. तेलाची वाटी चुलीशीच निवत राहिली.

दारू सुटली. एकदम नाही, पहिला महिना संध्याकाळ झाली की ताटावरून उठून तो दारात जाऊन उभा राहायचा. पण सुटली. वाडीतल्या बायका विहिरीवर येऊन विचारायच्या, काय केलंत काय? ठमाबाई कळशी उचलून निघायची. तिने त्याच्यासाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं. स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, आणि तो त्याच संध्याकाळी झिंगून आला होता. त्याच्या पायांवर तिने डोकं ठेवलं होतं. आईने मुलाच्या पायावर. आणि ही बाई येऊन खुर्चीत बसली, 'गुरुवारी जायचं' म्हणाली, आणि तो गेला.

आपला पोरगा शुद्धीवर आहे, पोटभर जेवतो, कामाला जातो, याचा आनंद तिला होत नव्हता असं नाही. सकाळी तो डबा घेऊन पायवाटेने उतरायचा तेव्हा ती माडाआडून बघत राहायची. पण त्याने वळून "ताईंचा फोन आला तर सांग" म्हटलं, की आनंदात खडा लागायचा.

ती बारीकसारीक करून बघू लागली. गुरुवारी मुद्दाम कोळंबीची खिचडी घालायची, उशिरा उतरवायची. तो दोन घास उभ्यानेच खाऊन बस गाठायचा. नम्रता आली की चहात साखर कमी पडायची. नम्रता तो तसाच पिऊन चांगला झालाय म्हणायची, त्यामुळे आणखीच राग यायचा. विहिरीवर ठमाबाई बोलून गेली की असल्या बायकांना घरदार नसतं, दुसऱ्यांची पोरं गोंजारत फिरतात. बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं, आणि घरी येईपर्यंत ते बरं वाटणं गेलं.

एक दिवस नम्रता सूरजची वाट बघत ओटीवर बसली होती. ठमाबाई जवळा निवडत होती. नम्रता सहज बोलून गेली की आता तब्येत किती सुधारली, आत असताना तर त्याने जेवण टाकलं होतं. चादर तोंडावर घेऊन पडून राहायचा, कोणाशी बोलायचा नाही. बरेच दिवस ती नुसती त्याच्यापुढे बसून यायची, मग एकदा तो रडला आणि बोलायला लागला.

ठमाबाईचे हात जवळ्यातच थांबले. दर महिन्याला ती पहाटेची गाडी धरून रत्नागिरीला मुलाखतीला जायची. तळलेले सौंदाळे डब्यात नेले तर शिपायाने परत पाठवलेले. जाळीपलीकडून सूरज दर वेळी एकच बोलायचा, "बरा हाय. तू येत नको जाव एवढ्या लांब." ती घरी येऊन गुणाजीला सांगायची, बरा आहे म्हणतो. तो बरा नव्हता. त्याने जेवण टाकलं होतं, आणि ते या बाईला ठाऊक होतं. आपल्या पोराचं हसणंबोलणं कोणाला मिळालं असतं तर तिने सोसलं असतं. पण त्याचं रडणंही त्याने दुसरीलाच दिलं.

"तुमाला बोल्ला तो?" तिने विचारलं.

"हो," नम्रता म्हणाली. "आईला नका सांगू म्हणाला होता. आता सांगायला हरकत नाही म्हणून बोलले."

ठमाबाईने जवळ्यातला खेकडा उचलून अंगणात भिरकावला.

थंडी पडली. खाडीवर सकाळी धुकं यायला लागलं, ओल्या दोरांनी हात फुटायला लागले. कोर्टाची एक तारीख झाली, दुसरी झाली. वकील मोफत मदतीचे होते, तेही नम्रतानेच गाठून दिलेले. पुढची तारीख महिनाअखेरची होती.

सोमवारी दुपारी सूरजचा फोन घरातच वाजला. मांडवात रेझिनचे हात लागून एक फोन गेला होता, म्हणून तो हल्ली फोन आईजवळ ठेवून जायचा. ठमाबाईने उचलला. नम्रता होती. कुठल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला गेली होती, मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. ती घाईघाईत म्हणाली की तारीख अलीकडे आली आहे. तो जखमी तांडेल बोटीवर लांब जाणार आहे, म्हणून त्याची साक्ष आधी घेतायत. या बुधवारीच, अकरा वाजता. सूरजला आजच सांगा, वकिलांना माहीत आहे, मी गुरुवारी सकाळपर्यंत परत येते.

"बरं. सांगते," ठमाबाई म्हणाली.

"आणि त्याला म्हणावं, तो निळा शर्ट घाल. मी आणलेला. कोर्टात तो बरा दिसतो."

फोन बंद झाला. ठमाबाई फोन हातात धरून उभी राहिली. निळा शर्ट दोरीवर वाळत होता. तिने स्वतः धुतला होता.

संध्याकाळी सूरज आला. तोंड धुतलं, चहा घेतला. ताईंचा फोन आला होता का, विचारलं.

"आला व्हता," ती म्हणाली. "हजेरी लावलीस का म्हनून इचारीत होती."

"लावली की सकाळीच," सूरज म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

एवढंच झालं. पुढे कितीतरी वेळा तिने मनात ते फिरवून बघितलं. त्याला तुरुंगात पाठवायचं होतं असं नव्हतं. तिला वाटलं होतं, एक तारीख चुकेल, ती बाई चिडेल, त्याला चार शब्द सुनावेल, आणि तोंड पाडून तो घरी येईल. आपल्याकडे येईल. पण 'चुकली तर परत आत' हे तिने पहिल्याच दिवशी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेही खरं होतं.

बुधवारी सकाळी सूरज मांडवात गेला. ठमाबाई पाटी घेऊन गावं फिरायला निघाली. कंडक्टरने पाटी मागे ठेवायला लावली, पाणी गळतंय म्हणून दोनदा ओरडला. एका वाडीत तिने बांगडे विकले, दुसऱ्या वाडीत एका पडवीत बसून मासे कापून दिले. सुरी बोटाला लागली. त्या घरची बाई म्हणाली, लक्ष कुठे आहे तुमचं? ठमाबाईने बोट तोंडात धरून बाहेर ऊन बघितलं. ऊन अजून तुळशीवर होतं. अजून फोन करता आला असता. कमालला फोन केला असता तर त्याने मोटारसायकलवर पोराला नेलं असतं. तिने बोटाला हळद लावून घेतली आणि उरलेले मासे कापत बसली. कापून झाले तेव्हा ऊन तुळशीवरून उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस मांडवात आले. वॉरंट निघालं होतं. सूरज होडीखाली उताणा पडून घासत होता, त्याला पायाला धरून हाक मारावी लागली. पांढऱ्या भुवयांनी, हातातले मोजे न काढता तो जीपमध्ये बसला. तारीख महिनाअखेरची आहे साहेब, एवढंच म्हणत राहिला.

कमाल धावत घरी आला. धापा टाकत त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "ठमाआक्का, पोरगा खोटा नाय बोलत. त्याला कोन सांगायलाच आला नाय. वकील म्हनतात, निरोप दिलेला हाय. मंग निरोप गेला कुठं?"

ठमाबाई चुलीत लाकूड सारत होती. तिने ते आणखी आत सारलं. कमाल म्हणाला, मी जामीन आहे, मला जायला पाहिजे, तुम्ही पण चला. तो रिक्षा बघायला उतरला.

गुणाजी ओटीवर जाळं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने सुई जाळ्यात खोचली.

"तो फोन आला तवा मी हितंच होतो," तो म्हणाला.

ठमाबाईने पदराने तोंड पुसलं. इतक्या वर्षांच्या संसारात गुणाजीने तिला पुष्कळदा शिव्या दिल्या होत्या, एकदोनदा हातही उचलला होता. पण आज त्याने नुसतं बघितलं आणि परत सुई उचलली, ते तिला सोसलं नाही. ती धुतलेलं पातळ न नेसता तशीच निघाली, मासळीच्या वासाची.

दापोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात नम्रता उभी होती. रात्रभर प्रवास करून थेट आली होती, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. वकिलांशी बोलणं चाललं होतं. ठमाबाईला बघून ती जवळ आली.

"निरोप दिला नव्हतात ना?" तिने हळूच विचारलं.

ठमाबाई भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या बघत राहिली. नम्रताला उत्तर कळलं. चिडेल, ओरडेल असं ठमाबाईला वाटलं. तसं झालं असतं तर तिलाही ओरडता आलं असतं. पण नम्रताने डोळ्यांवरचा चष्मा काढून ओढणीला पुसला आणि म्हणाली, "आत काही बोलू नका. मी सांगते की माझ्याकडून निरोप राहिला. त्याला आईबद्दल हे कळायला नको."

सूरजला पिंजऱ्यात उभं केलं होतं. हात धुवायला मिळाले नव्हते, कोपरापर्यंत पांढरी पूड तशीच. न्यायाधीश साहेब तरुण होते, सर्दीने बेजार झालेले. आरोपी काल का आला नाही, त्यांनी विचारलं. वकिलांनी नम्रताकडे बोट दाखवलं. नम्रता पुढे झाली आणि म्हणाली की बदललेली तारीख आरोपीला कळवायची जबाबदारी माझी होती, ती माझ्याकडून चुकली, आरोपीचा दोष नाही.

साहेबांनी तिला चांगलंच फटकारलं. तुम्ही लोक येता, याला सोडा, त्याला सोडा, आम्ही लक्ष ठेवतो म्हणता, आणि साधा निरोप पोचवता येत नाही? काल साक्षीदार दिवसभर बसून गेला. उद्या तुमच्या शब्दावर मी कोणाला का सोडावं? नम्रता मान खाली घालून ऐकत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ठमाबाई मागच्या बाकावर होती. ती साहेबांकडे बघत नव्हती. सूरजकडे बघत होती. आणि सूरज नम्रताकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते. आपल्यापायी ताई बोलणी खातेय, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ठमाबाईने त्याच्यासाठी दारोदार बोलणी खाल्ली होती, शिपायांची, भावकीची, कंडक्टरची. तेव्हा असं बघायला तो कधी तिथे नव्हता. आणि आता ही बाई तिचा गुन्हासुद्धा उचलून स्वतःच्या पदरात घालत होती. त्याच्याबद्दल तेवढंच एक ठमाबाईचं स्वतःचं असं उरलं होतं.

ती उभी राहिली.

"खोटं बोलते ती," ठमाबाई म्हणाली. "निरोप आला व्हता. फोन मी घेतला. पोरगा माजा हाय, चूक पन माजीच हाय."

शिपाई तिच्याकडे धावला. साहेबांनी हात करून त्याला थांबवलं, तिला पुढे बोलावलं, तुम्ही कोण विचारलं. तिने नाव सांगितलं. मग निरोप का दिला नाहीत, त्यांनी विचारलं.

सगळं कोर्ट ठमाबाईकडे बघत होतं. पुढच्या बाकावरच्या कोणीतरी वासाने नाकाला रुमाल लावला.

"तो तिचंच आयकतो, म्हनून," ती म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी सावकाश लिहून घेतलं. वॉरंट रद्द केलं, पुन्हा असं झालं तर जामीन रद्द होईल म्हणून बजावलं, साक्षीसाठी लांबची तारीख दिली. आणि नम्रताला म्हणाले की तुम्ही कोर्टापुढे खोटं बोललात, हे मी लक्षात ठेवेन.

बाहेर नम्रता कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. ठमाबाई तिच्याजवळ गेली.

"पुढच्या आठवड्यात इथेच एका पोराचा जामीन आहे," नम्रता म्हणाली. "त्याला आई नाही, कोणीच नाही. माझ्याच शब्दावर सुटायचा होता." तिचा आवाज पहिल्यांदाच चिरला. "खोटं बोलायला नको होतं मी. आणि तुम्हीही निरोप द्यायला हवा होता." एवढं बोलून ती निघून गेली. स्वतःची पिशवी स्वतः घेऊन.

आपण तिचं तोंड एकदा पडलेलं बघायचं, असं ठमाबाईने किती वेळा मनात आणलं होतं. आज ते बघितलं. बरं वाटलं नाही.

बसमध्ये सूरज कमालशेजारी बसला. घरी आल्यावर आईशी बोलला नाही. वाढलेलं ताट घेऊन ओटीवर बापाजवळ बसायचा, धुऊन ठेवायचा. मग दुपारचा डबाही बंद झाला. कमालची बायको नसीमा मांडवातल्या माणसांचं जेवण करायची, तिथेच खायला लागला. ठमाबाई पाटी घेऊन जायची, यायची. विहिरीवर बायका तिच्यासमोर गप्प बसायच्या आणि ती वळली की बोलायच्या, कोर्टातली गोष्ट वाडीत पोचली होती. नम्रता आली नाही. सूरजला फोन करायची, तो माडाखाली जाऊन बोलायचा. त्या बिनआईच्या पोराला नम्रताच्या शब्दावर सोडलं नाही, जामीनदार आणा म्हणाले, एवढं गुणाजीकडून ठमाबाईला कळलं. त्या दिवशी तिने आपला भात न खाता तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात जाऊन ती कमालला म्हणाली, माझ्या दिराकडे तुम्ही एकदा चला, त्या पोराला जामीनदार पाहिजे. कमालने तिच्याकडे बघितलं, हातातला ब्रश ठेवला. दिराने चहा दिला, बांगड्याचं काढलं. ठमाबाई उठली नाही. त्याची बायको येऊन मांदेली घेऊ का विचारू लागली, तर ठमाबाई म्हणाली, आज विकायला नाही आले. दिराने हो म्हटलं नाहीच. पण ती तिथून निघून दुसऱ्या घरात गेली, तिथून तिसऱ्या. गावाबाहेरच्या, नावसुद्धा माहीत नसलेल्या पोरासाठी ही बाई का फिरते, लोकांना कळेना. शेवटी खाडीत जाळं फेकणारा एक म्हातारा पागी तयार झाला, आणि ते नम्रताला कळवायला फोन कमालने केला. ठमाबाईला स्वतः तिच्याशी बोलवेना.

त्या गुरुवारी सूरज बस धरायला निघाला तेव्हा दारात थांबला. बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी बोलला, तेही दुसरीकडे बघत.

"बैठकीला घरचं मानूस आनलं तर चालतं."

"ती म्हनाली काय, मला आन म्हनून?"

"नाय," सूरज म्हणाला. "मीच म्हनतोय."

बैठक एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायची. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. रिक्षावाला, शाळेतला शिपाई, बागेत कलमं बांधणारा एक, दोन म्हाताऱ्या बायका. नम्रता नव्हती, तो तिचा तुरुंगात जायचा दिवस. एकेक जण बोलत गेला. सूरजची पाळी आली. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून, एक पाय सारखा हलवत, जमिनीकडे बघत बोलला.

"ह्या आठवड्यात दोनदा प्यायला जावासा वाटला," तो म्हणाला. "एकदा पगाराच्या दिवशी. आन एकदा आवशीच्या रागानं. घरात तिच्यासमोर बसवत नाय मला. तिनं माज्यासाटी काय केलान ते ठाव हाय. तरी बसवत नाय. प्यायलो नाय."

ठमाबाई मांडीवर हात ठेवून बसली होती. ती उठली नाही. इतके दिवस तिला हवं होतं ते हेच, की त्याने आतलं बोलावं. आणि आतलं असं होतं.

बैठक चालवणाऱ्या मास्तरांनी तिला विचारलं, बोलायचं का काही. ती नको म्हणणार होती. सगळे तिच्याकडे बघत होते, पण कोर्टातल्यासारखं नाही.

"मी दारू पीत नाय," ठमाबाई म्हणाली. "पन माजं पन एक सुटत नाय. आतल्या आत जळतंय मी. त्या बाईवर. तिनं माजं काय एक वाईट केलान नाय. आज ती हितं नाय म्हनून मला बरं वाटलं, हे पन खरं हाय."

कोणी हसलं नाही. मास्तरांनी मान हलवली, शेजारच्या म्हातारीने आपली खुर्ची थोडी सरकवून तिला जागा केली, आणि पाळी पुढे रिक्षावाल्याकडे गेली. सूरजने मान वर केली नाही. पण आईचं बोलणं चालू असताना त्याचा हलणारा पाय थांबला होता, आणि बैठक संपेपर्यंत तो तसाच थांबलेला राहिला.